अंगणातला शिराझ

“बी चावून बघ,” कोंडीबांनी एक काळं द्राक्ष रीताच्या हातावर ठेवलं. “करकरती का?”

रीताने चावून पाहिली. करकरली; म्हणजे द्राक्ष तोडायला आलं होतं.

“रोज त्या वेलाशीच बोलून राहिले तुहे बाबा,” पद्माबाई आतून म्हणाल्या. “माझ्याशी एवढं बोलले असते तर.”

कळमनुरीजवळच्या त्या अंगणात शिराझ जातीच्या द्राक्षाचा एकच वेल होता. काडी रीतानेच नाशिकहून आणलेली. तिथे ती बेदाण्याच्या कारखान्यात आहे, असं तिने घरी सांगितलं होतं. खरं तर ती वाइन बनवायची. कोंडीबा दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणवून घेत. पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. त्यांच्या शब्दावर अर्ध्या गावाने बाटली सोडली होती. त्यांना हे सांगायचं कसं, तिला कळत नव्हतं.

“नाशिकवानी व्हईल का हा माल?”

“नाही बाबा. तिथल्या रात्री थंड. द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो. आपल्याकडे उन्हाने गोडी लवकर भरते आणि आंबट उडून जातं. वेल तोच, पण गाव बदललं की चव बदलते.”

“बेदाण्याला आंबट काहून लागतं?”

ती अडखळली. “लागतं थोडं.”

“आन एवढ्या बिया?”

“ही जात वेगळी आहे.”

“व्हय, दिसतंच,” कोंडीबा हसले. “उद्या पहाटे गारव्यातच तोडू. उन्हं चढायच्या आत.”

संध्याकाळी विहारात गावासोबत तिघांनी वंदना म्हटली. पाचव्या शीलाला रीता नेहमीप्रमाणे गप्प राहिली. बुद्धापुढे खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. उदबत्तीच्या धुराने बाबांना नेहमीसारखी खोकल्याची उबळ आली.

“एकदा दाखवा ना डॉक्टरला,” रीता म्हणाली.

“धुराचा खोकला. त्याला काय दाखवायचं?”

पहाटे ते उठलेच नाहीत.

बाबा गेल्यानंतरच्या जलदानविधीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. वेलावर घड तसेच लटकत होते. भन्ते एकेक शील सांगत, लोक मागोमाग म्हणत. पाचवं आलं. रीताने ओठ मिटले.

शेजारी पद्माबाईंना जोराचा खोकला आला.

रीताने वळून पाहिलं. आईला धुराचा त्रास कधीच नव्हता. आणि उदबत्ती केव्हाच विझली होती.

“तू गप ऱ्हायची ते लोकाला कळू नये, म्हून ते खोकत,” आई तिच्या कानाशी पुटपुटली. “ते नसले की म्या खोकायचं, असं ठरलं व्हतं आमचं.”

शील संपलं होतं. अंगण शांत होतं. रीताने बाबांच्या फोटोकडे पाहिलं.

“बाबा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी वाइन बनवते.”