अर्धा सेकंद आधी

"तिसऱ्या पानावर बघ," सासरे म्हणाले. "आणि तूच वाच. या मेनूतली अक्षरं मुंग्यांसाठी छापलेली असतात."

सुनेने कॅमेऱ्याचा मेनू खाली सरकवला. तिसऱ्या पानावर काही नव्हतं, चौथ्यावर सापडलं. रॉ बर्स्ट. पुढे 'बंद' असं होतं, ते तिने चालू केलं.

सासऱ्यांनी अडतीस वर्षं एका दैनिकासाठी खेळांचे फोटो काढले होते. धावपटूची छाती फितीला लागते तो क्षण आपल्या हातून कधी निसटला नाही, असं ते सांगत, आणि घरातल्या भिंती बघता ते खरंही होतं. पण गेले तीन रविवार पोहण्याच्या तलावावर नातीच्या सूर मारण्याच्या सरावाचे काढलेले सगळे फोटो सारखेच आले होते. वर रिकामी फळी, खाली उसळलेलं पाणी. नात कुठेच नाही.

"बोट म्हातारं झालं," ते म्हणाले होते. "मी सांगतो तेव्हा दाबत नाही. चहा पिऊन येतं आणि मग दाबतं."

मग त्यांनी जाहीर करून टाकलं. रविवारी क्लबच्या स्पर्धेत बेडकीची उडी मिळाली तर ठीक, नाहीतर कॅमेरा कपाटात, तो पुन्हा कुणी बाहेर काढायचा नाही. बेडकी म्हणजे नऊ वर्षांची नात. हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. बोलले हसत हसत, पण त्या दिवशी धड जेवले नाहीत.

सुनेला ते फार लागलं. कॅमेऱ्याशिवाय हा माणूस बघायची तिला सवय नव्हती, आणि ती लावून घ्यायचीही नव्हती. तिने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कॅमेऱ्याचं अख्खं माहितीपुस्तक वाचून काढलं.

"म्हणजे मी दाबायच्या आधीच हा फोटो काढणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"अर्धा सेकंद आधीपासूनचे. बटण अर्धं दाबून धरायचं. तेव्हापासून तो फोटो आठवणीत ठेवत राहतो आणि जुने टाकत राहतो. तुम्ही पूर्ण दाबलंत की मागचा अर्धा सेकंदही कार्डावर येतो. सेकंदाला तीस फोटो, सगळे एकाच गठ्ठ्यात. हवा तो आपण नंतर वेगळा काढायचा."

"सगळे रॉ?"

"सगळे रॉ. कॅमेरा त्यांना हात लावत नाही. उजेड कमी पडला तरी नंतर सुधारता येतो."

"चोरीच आहे की ही," सासरे म्हणाले. त्यांनी कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. "चालेल."

त्यांनी वरची चकती अंगठ्याने फिरवून किती खटके पडतात ते मोजलं आणि हव्या त्या खुणेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून घेतला. चुकून दुसरीकडे सरकायला नको, म्हणाले. जुन्या माणसांची कामाची पद्धत सुनेला आवडायची.

रविवारी ती आधीच तलावावर पोचली, कारण गुण लिहायचं काम तिच्याकडे होतं. सासरे मागाहून नातीचा हात धरून आले. रस्ता ओलांडायला घाबरते पोर, असं ते नेहमी म्हणत. सुनेने कॅमेरा तिवईवर बसवला आणि फळीसमोरच्या पाण्यावर फोकस पक्का करून ठेवला.

"आता हलवू नका हं, बाबा."

"मी कशाला हलवतोय? तू जा. मला शिकवू नकोस."

ती समोरच्या काठावर टेबलाशी जाऊन बसली. लाउडस्पीकरने सकाळीच मान टाकली होती, त्यामुळे नावं पुकारायची सोय नव्हती. प्रशिक्षकाची शिट्टी वाजली की एकेकीने उडी मारायची. नातीचा नंबर पाचवा.

पहिल्या तिघी व्यवस्थित गेल्या. चौथी लाल पोशाखातली मुलगी बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होती. तिचा पाय फळीवरून सटकला आणि ती धान्याच्या पोत्यासारखी पाण्यात पडली. प्रशिक्षकाला दया आली. त्याने तिला पुन्हा वर पाठवलं, पुन्हा शिट्टी वाजवली, आणि या वेळी तिने झकास सूर मारला.

मग नात फळीवर आली. सुनेच्या हातातलं पेन थांबलं. पोरीने खाली बघितलं, वर बघितलं आणि उडी घेतली. बरी झाली उडी. सुनेने पलीकडे पाहिलं तर सासरे तिवईशेजारी ताठ उभे होते आणि चक्क हसत होते. मिळाली असणार. तिला एवढा आनंद झाला की गुण लिहायचे राहिले आणि शेजारच्या बाईंनी तिला कोपराने ढोसलं.

स्पर्धा संपल्यावर ती वळसा घालून गेली. नातही टॉवेल गुंडाळून, निथळत तिथे आली.

"मिळाली?" सुनेने विचारलं.

"न मिळायला काय झालं? एकच गठ्ठा घेतलाय. दुसऱ्याची गरजच नाही."

तिने गठ्ठा उघडला आणि एकेक फोटो पुढे सरकवला. सगळे लख्ख आले होते. अकराव्यात तर शरीर एका रेषेत होतं आणि बोटं पाण्यापासून वीतभरच वर. पोशाख लाल होता.

सून थबकली. बिचाऱ्यांचा क्रम चुकला, पाचवी शिट्टी या मुलीलाच वाजली होती, तिच्या मनात आलं. हे आता यांना कसं सांगायचं?

सासऱ्यांनी कॅमेरा तिच्या हातातून घेतला, पडदा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"एवढीशी पोर माझी," ते म्हणाले. "बघ तरी, कसा सूर मारलाय." आणि दाखवायला म्हणून त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे नुसतं पाणी होतं.

सुनेने तोंड उघडलं, तेवढ्यात नातीने ओल्या हाताने तिचं मनगट घट्ट दाबलं. मग ती आजोबांना टेकली आणि पडद्यावरच्या त्या उंच मुलीकडे बघत, रोजचंच काम असल्यासारखी म्हणाली, "हो आजोबा, मीच आहे. फक्त टोपी जरा तिरकी आलीय."