मागचा होतोय, पुढचा न्हाय

पंक्चरवाल्या धुळानं रिक्षातून मोटारीची दोन्ही चाकं उतरवली आणि दुकानासमोर आडवी टाकली.

"मागचं कुठलं, पुढचं कुठलं?"

राजशेखरनं बोटानं दाखवलं. त्याचे वडील गुरुबसप्पा रिक्षाचा दांडा धरून सावकाश खाली उतरले. पाय टेकवायच्या आधी त्यांनी त्यानंच जमीन चाचपून पाहिली.

धुळानं मागच्या चाकात हवा भरली आणि ते पाण्याच्या टाकीत फिरवलं. टायरच्या नक्षीच्या मधोमध एका जागेवरून बुडबुडे आले. पुढच्याला पाण्यात घालायची गरजच पडली नाही. त्याच्या बाजूला उभी चीर होती. धुळाचं बोट सरळ आत गेलं.

"मागचा होतोय," तो म्हणाला. "आतनं पॅच मारतो, बिनघोर वापरा. पुढचा न्हाय. बाजूला कापलाय. बाजूला पॅच टिकत न्हाय."

"मारून बघ की," गुरुबसप्पा म्हणाले. "उद्या अक्कलकोटला जायचंय. बहिणीकडं, चंद्रव्वाकडं."

"काका, हायवेला फुटला तर गाडी उलटंल. टाकून द्यायचा ह्यो."

गुरुबसप्पांनी मान हलवली. त्यांनी उभं आयुष्य एस.टी. चालवली होती. एकही अपघात नाही म्हणून डेपोत त्यांचा सत्कार झाला होता आणि तो फोटो शुक्रवार पेठेतल्या घरात दारासमोरच लावलेला होता. पेठेतल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवली होती. राजशेखरलाही.

या पावसाळ्यापासून मोटारीला डाव्या अंगानं पोचे यायला लागले होते. एकदा आरसा गेला. एकदा गाडी दुभाजकावर चढली, तेव्हा नात शिवलीला शेजारच्या सीटवर होती. पोरगी घरी येऊन आईला इतकंच म्हणाली, "आज अज्जांना भिंत दिसलीच नाही."

राजशेखरनं डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तेव्हा गुरुबसप्पा ताटावरून उठले होते. गाडी मी चालवतो म्हटल्यावर त्यांनी फक्त विचारलं होतं, "मी मेलो काय?" त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. आणि परवा त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की शिवलीलाला घेऊन आपण अक्कलकोटला जाणार. दोघंच. पोरीनं त्याच दिवशी पिशवी भरून ठेवली.

"काका, हे दगडाचं काम न्हाय," धुळा चीर दाबून बघत म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम केलंय. गल्लीत कॅमेरा हाय का?"

"नाही," राजशेखर पटकन म्हणाला.

"कोपऱ्यावरच्या दुकानाला असंल की. बघा तरी. सापडंल त्याला बदडा."

"जाऊ दे," गुरुबसप्पा म्हणाले. "कशाला कुणाच्या मागं लागायचं."

राजशेखरनं रुमालानं मान पुसली. "नवीन टायर मिळेल का?"

"ह्या मापाचा आता माझ्याकडं न्हाय. मागवावा लागंल, तीन-चार दिवस धरा." धुळानं आतून एक वापरलेला टायर घरंगळत आणला. "न्हायतर ह्यो हाय. नक्षी अजून चांगली हाय. उद्याचं काम भागंल तुमचं."

राजशेखर त्या टायरकडे बघत राहिला.

गुरुबसप्पा वाकले. दोन्ही हातांनी त्यांनी तो टायर चहूबाजूंनी चाचपला, अंगठ्यानं दाबला, मग हात झटकले.

"जुना नको. गाडीत लेकरू बसणार हाय. नवाच मागव."

"मग उद्याचं कसं करता? डिकीतली स्टेपनी लावता?"

"ती लावली तर वाटंला जादा चाक ऱ्हात न्हाय. न्हाय जायचं."

धुळा मागच्या टायरच्या कामाला लागला. बापलेक शेजारच्या टपरीवर जाऊन बाकावर बसले. चहा आला. गुरुबसप्पांनी कप घेताना आधी हवेतच हात नेला, तेव्हा राजशेखरनं कप पुढे सरकवला.

"पोरीला काय सांगायचं?" गुरुबसप्पा म्हणाले. "पिशवी भरून बसलीया."

"सांगतो मी."

"तिला वाटंल, अज्जा शब्दाला जागत न्हाय."

राजशेखरनं चहा खाली ठेवला. वडील रस्त्याकडे तोंड करून बसले होते. समोरून काय जातंय ते त्यांना नीट दिसत नव्हतं, हे आता जवळून बघताना लपत नव्हतं. खांदे उतरले होते. त्यांना इतकं थकलेलं त्यानं घरात कधी पाहिलं नव्हतं.

"अप्पा, तो टायर मी फोडला."

गुरुबसप्पांनी तोंड त्याच्याकडे वळवलं.

"काल जेवण झाल्यावर खाली गेलो होतो. पोरीला काही झालं असतं तर... तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. मला वाटलं, टायर दुरुस्तीला टाकून उद्याचा दिवस ढकलता येईल. मग पॅच मारून गाडी परत नीट होईल, तुम्हाला कळायचंही नाही. पण अप्पा, शपथ घेऊन सांगतो, मी मागचाच फोडला. पुढचा कुणी कापला, मला माहीत नाही."

गुरुबसप्पांनी उरलेला चहा संपवला. कप रिकामा झाला तरी तो हातातच होता.

"सकाळी लवकर खाली आलो, तवा मागचं चाक बसलेलं हाताला लागलं," ते म्हणाले. "लई बरं वाटलं बघ. म्हटलं, सुटलो. आता कुणाला काय सांगायला नको. मग ध्यानात आलं, डिकीत स्टेपनी हाय. ती लावून तू मला वाटंला लावशील. म्हनून मग पुढचा मी कापला."