डावीकडे लाल पिंप

तांडेलाने इंजिन सुरू केलं आणि मेहुणा बोलायची वाट पाहत राहिला.

मेहुणा टगबोटीच्या टोकाला दोर गुंडाळत बसला होता. गेलं वर्षभर बोट धक्क्यावरून सुटली की त्याच्या तोंडाचा पट्टा चालू व्हायचा. "डावीकडे लाल पिंप, भाऊजी, पार गंजलंय. आता पिवळं आलं. ह्याला तर रंगच राहिला नाही." पिंपं वाट दाखवायला पाण्यावर बांधून ठेवलेली. कारखान्याच्या तलावावर सगळे त्याला बडबड्या म्हणत. तांडेलाला चाकापलीकडे नुसतं धुकं दिसतं, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं. तांडेलाच्या बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेवढे कसेबसे ढकलायचे होते.

आज पाणबुड्या तलावात उतरला होता. पाइपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेलं शेवाळ तो काढत होता आणि ते भरायला रिकामा तराफा ओढत त्याच्याजवळ न्यायचा होता. बोट निघाली. मेहुणा गप्पच.

"काय रे, दातखीळ बसली का?"

"आज मी बोलणार नाही, भाऊजी."

"अरे, तू सांगशील तसं वळवतो. अगदी हळू."

"पिंपं जागेवर असतात. पाणबुड्याचे बुडबुडे नसतात." मेहुण्याने दोर खाली ठेवला. "मी सांगेपर्यंत तो भलतीकडे गेलेला असेल. उतरताना त्याने तुम्हाला हात केला. तुम्ही केला नाहीत."

तांडेलाने इंजिन बंद केलं. पाणी बोटीच्या अंगावर आपटत राहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझ्या ताईला काय सांगू?"

"मी येतो ना बरोबर. आणि साहेबांकडेही येतो."

तांडेल उठला. चाकावरची बोटं सुटायला जरा वेळ लागला. मग कठडा चाचपत तो पुढे गेला आणि मेहुण्याच्या जागेवर, त्या दोरापाशी बसला. मेहुण्याकडे बोट चालवायचा परवाना होता, घरी पेटीत पडून असलेला. त्याने चाक हातात घेतलं.

बोट पुन्हा निघाली. आता कोणी कोणाला काही सांगायची गरज नव्हती.

"डावीकडे लाल पिंप, भाऊजी," मेहुणा मागून म्हणाला.

तांडेलाने मान डावीकडे वळवली.

"आता पिवळं." मेहुण्याने वेग कमी केला. थोड्या वेळाने त्याने इंजिनच थांबवलं. "पाणबुड्या वर आलाय. उजवीकडे. हात करतोय."

तांडेलाने उजवीकडे हात वर केला, आणि बराच वेळ खाली घेतला नाही.