मिशनच्या कपाटातला नकाशा

तिघे म्हातारे केळीच्या बागेतून वर येताना दिसले, तसा आयकाएलीने घडी घातलेला नकाशा कमरेला गुंडाळलेल्या कांग्यात खोचला. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

कुळाच्या मूळपुरुषाचं थडगं तिच्याच अंगणात होतं. दगडांची रास आणि भोवती इसालेची झुडपं; त्यांचं पान हाती घेतलं की दिलेला शब्द मोडता येत नाही. त्याची राखण तिच्या सासरी चालत आलेली. रोज सांजेला राखणदारानेच तिथे धुनी पेटवायची. नवरा होता तोवर तो पेटवायचा. तो गेल्यापासून चार वर्षं हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं. मागच्या महिन्यात जमिनीचा साहेब आला, तेव्हाही दगडांवर हात ठेवून शपथ तिनेच घेतली. खालच्या कॉफीच्या मळ्याची कंपनी या उतारावर हक्क सांगत होती, आणि थडगं हाच गावाचा पुरावा होता.

चार वर्षांत तिने एक रात्र दुसऱ्या छपराखाली काढली नव्हती. लेक दूर, नदी ओलांडून पार डोडोमाला. तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती, आणि आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते. "आई, या खेपेला तरी ये," असा निरोप आला की आयकाएलीचा जीव तुटायचा. दोनदा तिने म्हाताऱ्यांपुढे पदर पसरला. दोन्ही वेळा उत्तर मिळालं, "पाहू." त्यांच्या पाहण्याला युगं लागतात हे तिला ठाऊक होतं.

अशात तो नकाशा सापडला. मिशनच्या शंभरीसाठी कपाटं झाडताना, १९११ सालचा, कुणा जर्मन पाद्र्याने काढलेला. पाद्री हौशी असणार. घरन् घर, कालवान् कालवा, थडगंन् थडगं त्याने टिपलं होतं. आयकाएलीने तो पातळ कागदावर गिरवून घेतला आणि दोन महिने, धुनीची वेळ सांभाळत, नदीच्या वळणापासून पावलं मोजत गाव पालथा घातला. नकाशात लोहाराची भट्टी होती, तिथे कुदळ मारली तर लोखंडाचा कीट निघाला. नकाशात बाजार होता. आज तिथे केळी, पण मातीत फुटक्या मडक्यांचा खच. पाद्री कुठे म्हणून खोटा पडला नाही. शेवटी ती मोजत मोजत स्वतःच्या अंगणात आली.

तिथे नकाशात थडगं नव्हतंच. जिथे दगडांची रास होती, नेमक्या त्या जागेवरून निळा, वाहता कालवा गेला होता.

तिने म्हाताऱ्यांपुढे केळ्याची दारू ठेवली. किलेओने भोपळ्यातून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सूनबाई, पातळ झालीय गं! केळी रुसली की तू?"

"मीच रुसलेय, बाबा."

किलेओ खो खो हसला. थोरल्या ङ्देसांजोने चाचपडत तिवई ओढली. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नदीपलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात फुकट काढून देत होते, पण म्हातारा हटून बसला होता.

"डोळे करून घ्या की आता," ती म्हणाली.

"पाहण्यासारखं काय उरलंय? बस. आम्ही तुला सांगायला आलोय..."

"आधी माझं ऐका," ती म्हणाली.

"अगं, आमचं तर ऐक!" किलेओ म्हणाला.

"चार वर्षं तुमचंच ऐकतेय." तिने नकाशा उलगडला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "वाहत्या कालव्यात कुणी माणूस पुरतं का? थडगं रिकामं आहे. मग मी राखतेय काय? मला सोडा."

किलेओचं हसू मावळलं. ङ्देसांजोने नकाशाला हातसुद्धा लावला नाही.

"नकाशा काढला त्याच्या पुढच्या वर्षी," तो सावकाश म्हणाला, "मळा वर सरकायला लागला. गोरे थडग्याला हात लावत नसत. आपल्या लोकांनी कालवा बुजवला आणि दगड रचले."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!"

"आम्हा तिघांना. राखणदाराला कधीच सांगत नाहीत. साहेबासमोर त्याची शपथ खरी हवी. तुझा नवराही बिचारा न कळताच गेला."

रागाने तिला रडू आलं. "मी कुठे बोलणार नाही. मला फक्त जाऊ द्या."

"ज्याला ठाऊक, त्याने नदी ओलांडायची नाही. हा आपला शब्द आहे, पोरी. माझे डोळे काय उगाच गेले? बाहेर एक शब्द फुटला तर तीनशे चुली विझतील."

त्याने चाचपडत इसालेचं पान खुडलं आणि तिच्यापुढे धरलं. आयकाएलीने खाली पाहिलं. खालच्या बागांतून चुलींचा धूर वर येत होता. मग तिने पान घेतलं आणि मूठ मिटली.

"आता आपण चौघं," ङ्देसांजो म्हणाला. किलेओने मान फिरवली.

तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. किलेओची धाकटी सून, फोइबे, डोक्यावर भांडी आणि काखेत चटईची गुंडाळी घेऊन धापा टाकत अंगणात आली.

"अगंबाई, काकू, अजून इथेच?" ती म्हणाली. "या तिघांनी सांगितलं नाही का? आजपासून राखण माझ्याकडे. उठा, उठा, डोडोमाची गाडी दुपारची आहे!"