दोन बोटं सैल

मास्तरांनी स्वतःची पँट उलटी करून मशीनवर घेतली आणि मागची मधली शिवण आणखी बोटभर आत मारली. अडीच महिन्यांतली ही चौथी वेळ. मागचे दोन्ही खिसे आता एकमेकांना टेकायला आले होते. असली पँट एखाद्या गिऱ्हाइकाला दिली असती तर त्याने ती तोंडावर फेकली असती. पण शर्ट बाहेर सोडला की खिसे कोण बघतंय!

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पडद्यापलीकडे मिक्सर फिरत होता. त्यांची थोरली बहीण, आक्का, गव्हांकुरांचा रस काढत होती. मास्तरांच्या स्वादुपिंडात कर्करोग निघाला, त्या दिवसापासून तिचा एक दिवस खाडा नव्हता. हळदीच्या कॅप्सूल, अळंबीची पावडर, कसल्याशा बियांचा अर्क. बरण्यांनी फळी भरून गेली होती. जेवताना पहिल्या घासाबरोबर घ्या म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या पचनाच्या गोळ्या त्या बरण्यांमागे गेल्या त्या गेल्याच.

मास्तरांना आक्काचा राग येत नव्हता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण काठावर उभं राहून बघणाऱ्यालाही काहीतरी फेकल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्यांदा शिवण आत घेतली ती निव्वळ सवयीने. पँट घसरत होती आणि मशीन समोर होतं. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना आरशासमोर पाहिलं, "अहो, कंबर आहे तेवढीच आहे की!" म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. तिला तसं जेवताना पाहिल्यावर खरं सांगायला मास्तरांची जीभ काही रेटेना. घरात वजनकाटा नव्हता, त्यामुळे पँट सांगेल तेच खरं.

पँट चढवून त्यांनी शर्ट सारखा केला, तोच आक्का हिरवागार पेला घेऊन आली. मागोमाग बायको.

"बघ गं," आक्का बायकोला म्हणाली. "चेहरा तेवढा उतरलाय, ते विष बाहेर पडतंय म्हणून. पण पँट बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"म्हणूनच मी सकाळी दवाखान्यात फोन करून टाकला," बायको म्हणाली. "सोमवारचं केमो नको म्हणून सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही, रागावू नका हं. पण ज्या माणसाला छत्तीसची पँट अजून बसतेय, त्याला उगाच कशाला सुया टोचायच्या?"

ती हसत होती.

डॉक्टरांनी गोड बोलून फसवलं नव्हतं. बरे व्हाल असं म्हणत नाही, म्हणाले होते, पण केमो लागू पडलं तर काही महिने जास्तीचे मिळतील. मास्तरांना ते महिने हवे होते. ह्या बाईशी भांडायला, तिच्या चहाला नावं ठेवायला हवे होते. आणि आता आपल्याच हाताने घातलेल्या टाक्यांनी ते महिने हातचे चालले होते.

ते पडद्याआड गेले, पायजमा घालून बाहेर आले. बायकोला मशीनपाशी बसवून पँट त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली आणि हातात ब्लेड दिलं.

"उसव."

तीस वर्षं दुकानातली उसवण आणि काजं तिच्याकडेच होती. नुसती शिवण बघून ती सांगायची, हे गिऱ्हाईक सुटलंय की वाळलंय. तिने मास्तरांकडे एकदा पाहिलं, पँट उलटी केली आणि ब्लेड लावलं. पहिली शिवण सुटली. तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. चौथीपाशी तिचा हात थांबला.

आक्का पेला धरून उभीच. "काय चाललंय तुमचं?"

बायकोने आतलं दुमडलेलं कापड बोटांनी सपाट केलं. पंजाएवढं होतं.

"हे कापून का नाही टाकलंत?" तिचा आवाज चिरकला. "कापलं असतंत तर एवढा फुगवटा आला नसता."

"परत सोडावं लागलं तर?" मास्तर म्हणाले.

आक्का मटकन स्टुलावर बसली. पेल्यातला रस हिंदकळून तिच्या हातावर सांडला. "म्हणजे इतके दिवस माझं..." एवढंच म्हणाली.

मास्तरांनी तिच्या हातातून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. "रस तू देत जा, आक्का. पण त्या पहिल्या घासाच्या गोळ्या तेवढ्या शोधून ठेव."

आक्का डोळे पुसत उठली. आत बरण्या सरकवल्याचा आवाज यायला लागला.

बायकोने उठून खुंटीवरची टेप काढली. माप घेताना टेपेच्या आत दोन बोटं घालायची, हे मास्तरांनीच तिला लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. कापड अंगाला काचत नाही, माणूसही खूश राहतो. तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकाचं माप तिने बोटांशिवाय घेतलं नव्हतं.

"हात वर करा," ती म्हणाली.

मास्तरांनी हात वर केले. तिने त्यांच्या कमरेभोवती टेप फिरवली, पोटावर आणून जुळवली. मग बोटं बाहेर काढून घेतली आणि टेप ओढली.

"एकतीस," ती म्हणाली, आणि टेप न सोडताच दुसरा हात फोनकडे नेला.