सासूचा डोंगर, सुनेचा डोंगर

“ताई, सून कोणती? पटकन सांगा.”

शोधपथकाच्या खोलीत भिंतभर नकाशा लावलेला होता. नवा कोरा, अजून गुंडाळीच्या वळणाने कडा वर उचलणारा. त्यावर शेजारी शेजारी दोन डोंगर, एक उंच, एक ठेंगणा, आणि मधे घळ. ताई नकाशे करणारी; हा नकाशा तिच्याच कचेरीतून निघालेला. कुठल्या डोंगराला सासू म्हणायचं आणि कुठल्या सून, हेही तिनेच ठरवलेलं. एरवी कुणी विचारलं असतं तर तिने तासभर सांगितलं असतं. आज तेवढा वेळ नव्हता. सकाळी नवरा लेकीला घेऊन डोंगर चढायला गेला होता, आणि मघाशी त्याचा फोन आला तो तिला नाही, इथे. ‘सुनेवर आहोत, पाय मोडलाय, धुकं दाटलंय.’ एवढं बोलला आणि फोन बंद पडला.

“आमच्या बापजाद्यांपासून ठेंगणी ती सून,” पथकाचा म्होरक्या म्हणाला. आडदांड माणूस, सगळे त्याला मामा म्हणत. “आता तुमचा नकाशा म्हणतो, उंच ती सून. मी नकाशाप्रमाणे माणसं उंचावर धाडलीत. पण मन मानत नाही, खरं सांगतो.”

“सगळ्यात जुन्या नकाशांत उंच डोंगरच सून आहे,” ती म्हणाली. बोलता बोलता तिलाच आपला आवाज परका वाटला. “मधल्या काळात कुणालातरी ते बघवलं नाही. सून सासूपेक्षा उंच कशी? म्हणून त्याने नावं फिरवली. मी ती पुन्हा जागेवर आणली.”

“सासवा-सुना त्यांचं त्या बघून घेतील हो. तुमचे मिस्टर कुठल्या डोंगराला सून म्हणतात?”

वर्षभर जेवताना रोज तिने त्याला हेच ऐकवलं होतं, कुठला नकाशा कधीचा, कुणी काय खोडलं. तो मान हलवायचा. ‘सून उंच झाली हे माझ्या आईला कळू देऊ नकोस बाई,’ म्हणून चिडवायचा. पण तो स्वतः कुठल्या डोंगराला काय म्हणतो, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

खिडकीबाहेर उजेड उतरत चालला होता. चुकीचा डोंगर चढला, तर वरून घळ ओलांडता येत नसे. पुन्हा पायथ्याशी येऊन दुसरा चढावा लागे.

“मला त्याचा आवाज ऐकवा.”

वायरलेसजवळच्या मुलीने फोनचं रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसता वारा. मग तो, धापा टाकत. “सुनेवर आहोत आम्ही, सुनेवर... पाय गेलाय माझा... धुकं...” आणि मागून एक बारीक, ठसक्यातला आवाज. “बाबा, ही सून नाहीये काही. आई म्हणते ही सासू आहे.” “थांब गं बाळा, बोलू दे.” मग खरखर.

तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“ठेंगणा. मामा, ते ठेंगण्यावर आहेत. माणसं मागे फिरवा.”

“नक्की?”

“तो जुन्या सवयीने बोलतोय. ती माझ्या नकाशाने बोलतेय. डोंगर एकच आहे.”

मामाने वायरलेस ओढून घेतला. “माघारी फिरा! सून नाही, सासू... थांबा, सासूच आता... अरे, नावं मरू देत! ठेंगणा डोंगर, ठेंगणा!” आणि जीपची किल्ली उचलून तो स्वतःही धावला.

ती तिथेच बसून राहिली. उंच डोंगरावर वाया गेलेला वेळ कुणामुळे गेला, हे कुणी बोललं नाही. वायरलेसवरच्या मुलीने पाण्याचा पेला पुढे सरकवला, तो तिला उचलवेना. सहा वर्षांची पोर. स्वेटर घातला होता का तिने? सकाळी घाईत आपण नीट पाहिलंही नाही.

अंधार पडता पडता वायरलेसवर मामाचा आवाज आला. “मिस्टर सापडले, ताई. शुद्धीवर नाहीत, पण श्वास चालू आहे. खाली आणतायत.” मग जरा थांबून, “पोरगी जवळ नाही.”

“नाही म्हणजे?”

“इथेच असेल कुठेतरी. भोंग्यावरून हाका मारतोय. ओ देत नाही.”

आणि लगेच भोंगा घुमला. लेकीचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत लावलेलं असतं अगदी तसं. ते नाव समोरच्या डोंगरावर आदळलं आणि मोठं होऊन परत आलं. पुन्हा तेच.

कुठल्यातरी कपारीत अंग चोरून, ओठ दाबून बसलेली लेक तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

“मामा, त्या नावाने नको! ते आम्ही फक्त रागवायच्या वेळी घेतो. ती आणखी लपेल. मागे मागे सरकत जाईल, आणि मागे घळ आहे!”

“मग काय म्हणू?”

“भिंगरी.” ती वायरलेसच्या अगदी जवळ वाकली. “भिंगरी म्हणा. आणि भोंगा नको, मामा. हळू. लाडात म्हणा.”

भोंगा बंद केल्याचा खट्ट आवाज आला. मग तो आडदांड माणूस काळोखात, वाऱ्यात, जमेल तेवढ्या नाजूक आवाजात हाक मारू लागला. “भिंगरे... ए भिंगरे... कुठे गं तू?” त्याचं ऐकून दुसरा कुणी. मग तिसरा. धुक्यात पांगलेली ती घोगरी माणसं, एकेक करून, “भिंगरे... ए भिंगरे...”

आणि मग एकाएकी सगळे थांबले.

“शू,” मामा म्हणाला. “ऐका.” खरखरीमागून एक बारीक, ठसक्यातला आवाज ओ देत होता.