जबाबी कार्ड

परिषदेच्या दालनात काचेच्या पेटीत धातूचा एक बिल्ला मांडला होता, क्रमांक ४१७. आमच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या कासविणीला तो बाबांनी स्वतःच्या हाताने लावला होता. शेजारच्या चिठ्ठीवर नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती: ‘शेजारी देशात सापडली. नवा बिल्ला लावून सोडली.’

बाबा दर वर्षी सरकारी कचेरीला पत्र लिहायचे, “आमची कुठे दिसली का?” सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं जबाबी कार्ड. एकही परत आलं नाही. मार्चमध्ये ते गेले. आज मी त्यांचा मरणोत्तर सन्मान घ्यायला आले होते.

सागररक्षण परिषदेची जेवणं चालली होती. पाच देशांचे प्रतिनिधी कोळंबी सोलत होते. कासवं गुदमरतात ती कोळंबीच्याच जाळ्यांत.

“आम्हाला तेव्हाच कळलं होतं, ताई,” त्याच कचेरीतले आमचे अधिकारी म्हणाले. “पण देशादेशांतला करार व्हायचा होता. त्याशिवाय कळवणार कसं?”

“आता झाला?”

“सकाळीच सह्या झाल्या!”

बाबांच्या पिशवीत उरलेलं शेवटचं कार्ड मी अधिकाऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. “मग कळवा.”

“पण ते तर...”

“पत्ता त्यांनीच घातलाय.”

अधिकाऱ्यांनी मसाल्याची बोटं टेबलक्लॉथला पुसली आणि पेन माझ्याकडेच मागितलं.